कापसाची वाट आणि तबकडीची वाट

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने घातली, ती मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे, मुंबई बंदरातून मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन परत विकावयास येई. शंभर वर्षांनी याच जिल्ह्यातून आणखी एक कच्चा माल बाहेर जाऊ लागला, तो म्हणजे येथील शेतकऱ्याचे दुःख. त्यावर चित्रपट झाले आणि ते देशोदेशीच्या महोत्सवांतून दाखविले गेले. कापड निदान पैसे मोजल्यावर तरी परत मिळत होते. हे चित्रपट यवतमाळला कोणत्या वाटेने परत येऊ शकत होते, एवढाच प्रश्न आम्हाला येथे विचारावयाचा आहे.

पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. पुढे २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्या काळात कॅमेरे या भागात वारंवार येऊ लागले. पी. साईनाथ यांच्या वार्तांकनाचा मागोवा घेणारा दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' २००९ मध्ये आला. नंदन सक्सेना व कविता बहल यांच्या 'कॉटन फॉर माय श्राउड'ला २०११ सालच्या चित्रपटांसाठीचा शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' २०११ चाच. कथापटांत सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला.

यांतील माहितीपटांना चित्रपटगृह मिळणे जवळजवळ अशक्य होते. ३५ मिलिमीटरची एक प्रत काढण्याचा खर्चच स्वतंत्र निर्मात्याला झेपणारा नव्हता, आणि तासाभराच्या माहितीपटासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक कोणी गृहीत धरीत नसे. दूरदर्शनचे दार कसे उघडते, हे आनंद पटवर्धन यांनी अनेकदा न्यायालयाची पायरी चढून अनुभवले होते. उरली ती तबकडी.

मात्र तबकडी दोन प्रकारे तयार होते, आणि आमच्या विषयाचे मर्म या भेदात आहे. कारखान्यातील पद्धतीत प्रथम काचेवर मूळ प्रत कोरतात, तिच्यावरून धातूचा साचा घेतात आणि त्या साच्याने वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर ठसे उमटवितात. साच्याचा खर्च एकदाच होतो. म्हणून लाख प्रती काढल्या तर एक प्रत अत्यंत स्वस्त पडते, पन्नास काढल्या तर परवडत नाही. दुसरी पद्धत म्हणजे कोऱ्या तबकडीवरील सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने लिहिणे. आपण ज्याला 'सीडी राइट करणे' म्हणत होतो, ती हीच. येथे पहिल्या प्रतीला जेवढा खर्च, तेवढाच शंभराव्या प्रतीला. साठा करावा लागत नाही. मागणी आली की एक प्रत काढावयाची.

या दुसऱ्या पद्धतीवर अमेरिकेत रीतसर व्यवसाय उभा राहिला. २००२ मध्ये सुरू झालेली 'कस्टमफ्लिक्स' ही कंपनी निर्मात्याकडून मूळ प्रत घेई, ग्राहकाने मागणी नोंदविली की एक डीव्हीडी लिहून, वेष्टन छापून घरपोच पाठवी आणि आपला वाटा कापून उरलेली रक्कम निर्मात्यास देई. २००५ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली आणि २००७ मध्ये तिचे नाव 'क्रिएटस्पेस' झाले. गोदाम नको, वितरक नको, हजार प्रती खपतील याची हमी नको.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. कोऱ्या तबकड्यांच्या जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेली 'मोझर बेअर' भारतीय होती. तिने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. तालुक्याच्या बसस्थानकावरील दुकानातही मराठी चित्रपट त्या भावाने मिळू लागला. ही क्रांतीच होती, परंतु ती लाखांच्या हिशोबाची होती. पांढरकवड्याच्या शेतकऱ्यावरील माहितीपट त्या हिशोबात बसणारा नव्हता.

त्यात कायद्याची अडचण होती. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम '५२ अ'नुसार, ज्या चित्रफितीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, तिच्या वेष्टनावर त्या प्रमाणपत्राची प्रत छापणे बंधनकारक आहे. चाचेगिरी रोखण्यासाठी केलेली ही तरतूद स्वतंत्र निर्मात्याच्या मात्र पायात अडकली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची सक्ती करण्याच्या प्रयत्नातून २००४ मध्ये 'विकल्प' हा समांतर महोत्सव उभा राहिला, हे येथे आठवावे.

म्हणून आपल्याकडील मागणीनुसार उत्पादन कंपनीने नव्हे, माणसांनी केले. चित्रपट दाखवावयाचा, दिग्दर्शकाने प्रश्नांना उत्तरे द्यावयाची आणि निघताना पिशवीतील प्रती माफक किमतीत द्यावयाच्या, असा तो शिरस्ता. चौदा वर्षे खपून केलेला 'जय भीम कॉम्रेड' पटवर्धन यांनी २०१२ च्या आरंभी भायखळ्याच्या बीआयटी चाळीतल्या लोकांपुढे ठेवला, तो याच परंपरेत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या सुमारास भीमगीतांच्या तबकड्यांची जी दुकाने लागत, त्यांनी तर महोत्सव किंवा वितरक यांच्या वाटेला न जाता आपली बाजारपेठ निर्माण केली. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, तोही आपल्याच गावच्या प्रेक्षकासाठी.

यवतमाळवरील चित्रपटांचे दुखणे येथेच आहे, असे आम्हाला वाटते. मालेगावचा चित्रपट मालेगावसाठी होता, दीक्षाभूमीवरील तबकडी तेथे जमणाऱ्यांसाठी होती. यवतमाळचे माहितीपट बहुतांशी यवतमाळबाहेरच्या माणसाचे डोळे उघडण्यासाठी होते. त्यांत शेतकरी मराठीत बोलतो आणि त्याचे बोलणे इंग्रजी अक्षरांत खाली उमटते. इंग्रजी निवेदनाखाली मराठी अक्षरे उमटावीत, ही गरज कितीशी जाणवली असेल? हा हेतूवर आक्षेप नव्हे. राज्यकर्ता आणि ग्राहक बाहेरच होते, त्यांना हलविणे आवश्यकच होते. परंतु तबकडी लिहिण्याचे यंत्र तालुक्याच्या संगणक-दुकानात होते, कोरी तबकडी स्वस्त होती, आणि भारनियमनातून वीज उरलीच तर डीव्हीडी प्लेअर चावडीवरही चालला असता. साधन गावाच्या उंबरठ्याशी आले होते. कमी पडली ती गावाला प्रेक्षक मानणारी दृष्टी.

आता ते साधनही गेले. 'क्रिएटस्पेस' २०१८ मध्ये ॲमेझॉनच्या पुस्तक-विभागात विलीन झाली आणि त्याच वर्षी 'मोझर बेअर' अवसायनात निघाली. नव्या संगणकांत तबकडीची खाच राहिली नाही. आज मोबाइलवर कोणताही चित्रपट दिसू शकतो, हे खरे. परंतु कोणी काढून टाकला तर तो दिसेनासाही होतो. तबकडी मालकीची असे. ती शेजाऱ्याला देता येई, ग्रंथालयात ठेवता येई.

आणि लिहिलेल्या तबकडीवरील रंगाचा थर कालांतराने विटतो. कापसाच्या पट्ट्यात ऊन आणि दमटपणा दोन्ही आहेत. कोणा कार्यकर्त्याच्या, शिक्षकाच्या कपाटात त्या वर्षांतील सभांचे, मोर्चांचे, अंत्ययात्रांचे चित्रण अशा तबकड्यांवर पडून असेल, तर ते आजच दुसरीकडे उतरवून घेतले पाहिजे, आणि त्याची एक प्रत जिल्ह्यातीलच एखाद्या वाचनालयात राहिली पाहिजे. शकुंतलेने जे नेले त्याचा हिशोब यवतमाळला कधी मागता आला नाही. जे अजून घरात आहे, ते तरी घरात राहावे.