मूकनायक ते प्रबुद्ध भारत

आमचं गाव इंदापूर. तुकोबांची पालखी बारामतीहून निमगाव केतकीमार्गे आमच्याकडे येते, त्यामुळे अभंग लहानपणापासून कानावर पडलेले. पण एका अभंगाशी एका पेपरच्या नावाचं नातं आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. शाळेत हे शिकवलंच नव्हतं!

३१ जानेवारी १९२०. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत 'मूकनायक' पाक्षिक काढलं. मुक्याला जगात कुणी वाली नसतो, अशा अर्थाचा तुकोबांचा अभंग त्याच्या पहिल्या पानावर असे. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. पुढे बाबासाहेब शिकायला लंडनला गेले आणि काही काळाने पेपर बंद पडला.

२० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं, आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब आणि वर ज्ञानेश्वरीच्या ओव्या. पैसा नाही, माणसं नाहीत, बरेचसे रकाने ते एकटेच लिहीत. १९२९ मध्ये तोही बंद. मधे १९२८ मध्ये समाज समता संघाचा 'समता' निघाला. मग २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता'.

आता गंमत बघा. हे चार वेगवेगळे पेपर. आमच्या भाषेत प्रत्येक वेळी नवीन प्रोजेक्ट. खऱ्या अर्थाने नाव बदललं ते एकदाच. पंचवीस वर्षं चाललेल्या 'जनता'चं ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत' झालं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

आम्ही फाइलचं नाव बदलतो तेव्हा आतला मजकूर तोच राहतो. इथे मात्र आधी वाचणारा बदलत होता, नाव मागून येत होतं. मुका, बहिष्कृत, मग समता मागणारा, मग सरळ जनता, शेवटी प्रबुद्ध. पहिली दोन नावं सांगतात इतरांनी त्याचं काय केलं ते. शेवटचं त्याने स्वतः कमावलेलं आहे. मधे छत्तीस वर्षं गेली.

'प्रबुद्ध भारत' १९६१ मध्ये थांबलं, २०१७ मध्ये प्रकाश आंबेडकरांनी पुन्हा सुरू केलं. नाव मात्र तेच ठेवलं.

असो. पुढच्या आषाढात पालखी गावात येईल तेव्हा तो अभंग जरा वेगळ्या कानाने ऐकेन म्हणतो.