बुडालेल्या विमानाचा शोध : समुद्रतळावरील शर्यत

लढाऊ विमान समुद्रात कोसळल्याची बातमी आली की वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उमटतो तो वैमानिकाचा. तो योग्यच आहे. मात्र त्याच घटकेला संबंधित देशाच्या नौदलाला दुसरा प्रश्नही सतावू लागतो : तळाशी गेलेले हे यंत्र आधी कोणाच्या हाती लागणार? जगातील अनेक नौदलांनी या प्रश्नापायी महिनोन् महिने समुद्र पिंजून काढला आहे. अर्नाळा, किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव या वसई-विरारच्या कोळीवाड्यांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु ज्या समुद्रात त्यांची जाळी पडतात, त्याच्याच आसपास मुंबईच्या नौदल तळाची आणि तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे रोज ये-जा करतात. म्हणूनच हा विषय मुळापासून समजून घेण्याजोगा आहे.

तुकड्यातही गुपित

विमान पाण्यावर आदळले की त्याचे तुकडे होतात. मग त्यात शत्रूला उपयोगी असे काय उरते? उत्तर असे, की पुष्कळ उरते. रडारची रचना, शत्रू-मित्र ओळखणाऱ्या यंत्रणेचे संकेत, गुप्त संदेशवहनाची उपकरणे, इंजिनाच्या पात्यांतील मिश्रधातू, रडारला चकवणारा पृष्ठभागावरील लेप आणि न फुटलेली क्षेपणास्त्रे या साऱ्यांचा अभ्यास मोडक्या अवस्थेतही करता येतो.

हाती लागलेल्या वस्तूचे मोल किती, याचे एक उदाहरण भारतीयांना जवळचे आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरील हवाई चकमकीत तैवानच्या विमानाने डागलेले अमेरिकी बनावटीचे साइडवाइंडर क्षेपणास्त्र चिनी मिग-१७ विमानात रुतून बसले, पण फुटले नाही, असे सांगितले जाते. ते सोव्हिएत तंत्रज्ञांपर्यंत पोहोचले आणि त्याच्या अभ्यासातून के-१३ हे क्षेपणास्त्र तयार झाले. पुढे भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ विमानांवर बसवले गेले ते हेच के-१३.

प्रतिस्पर्ध्याने आधी हात मारल्याचे आणखी एक उदाहरण ६ एप्रिल १९६६ चे. सोव्हिएत संघाचे याक-२८ जातीचे विमान पश्चिम बर्लिनच्या ब्रिटिश विभागातील एका तलावात कोसळले. दोन्ही वैमानिक मृत्यू पावले. ब्रिटिशांनी अवशेष बाहेर काढून परत केले खरे. मात्र त्याआधी पाणबुड्यांकरवी इंजिने व रडार गुपचूप काढून घेतली आणि तपासणी उरकूनच सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केली. किनाऱ्यावर सोव्हिएत सैनिक उभे होते, पण पाण्याखाली काय चालले आहे हे त्यांना दिसत नव्हते.

स्कॉटलंड ते दक्षिण चीन समुद्र

खुल्या समुद्रातील सर्वांत गाजलेली शर्यत १४ सप्टेंबर १९७६ रोजी सुरू झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेस 'जॉन एफ. केनेडी' या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून एफ-१४ टॉमकॅट घसरून समुद्रात पडले. दोघेही वैमानिक वाचले. मात्र विमानाबरोबर फिनिक्स हे त्या काळातील अत्यंत गुप्त असे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्रही सुमारे ५७० मीटर खोल गेले. परिसरात सोव्हिएत नौकांचा वावर होता. अमेरिकेने एनआर-१ ही अणुऊर्जेवर चालणारी छोटी संशोधन पाणबुडी कामाला लावली आणि नोव्हेंबरपर्यंत विमान व क्षेपणास्त्र दोन्ही परत मिळवली.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी तोच प्रसंग दुसऱ्या समुद्रात घडला. २४ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण चीन समुद्रात 'कार्ल विन्सन' या नौकेवर उतरताना एफ-३५सी विमानाला अपघात झाला आणि ते पाण्यात गेले. चीनने आपल्याला त्या विमानात रस नसल्याचे जाहीर केले. अमेरिकेने मात्र या शब्दावर विसंबून न राहता शोध चालूच ठेवला. २ मार्च रोजी, म्हणजे सदतीस दिवसांनी, सुमारे ३,७८० मीटर खोलीवरून विमान वर आले. दूरनियंत्रित यंत्राने तळाशी जाऊन त्याला दोर अडकवले आणि जहाजावरील क्रेनने ते उचलले.

सर्वांनाच असे यश मिळत नाही. ९ एप्रिल २०१९ रोजी जपानचे एफ-३५ए प्रशांत महासागरात कोसळले. सुमारे दीड हजार मीटर खोलीवर महिनाभराहून अधिक काळ शोध घेऊनही नोंदयंत्राचे काही भागच सापडले. नोंदी असलेला भाग मिळाला नाही. जिथे पोहोचणेच अशक्य, तिथे आधी गुपित पुसून टाकण्याचा मार्ग उरतो. १४ मार्च २०२३ रोजी रशियन लढाऊ विमानाशी टक्कर होऊन अमेरिकेचे एमक्यू-९ हे मानवरहित विमान काळ्या समुद्रात पडले. रशियाने ते शोधण्याचा मनोदय व्यक्त केला. तेव्हा त्यातील संवेदनशील प्रणाली दुरूनच पुसून टाकल्याचे अमेरिकेने सांगितले.

मालकी कोणाची?

'ज्याला सापडेल त्याचे' हा न्याय येथे लागू होत नाही. युद्धनौका किंवा लष्करी विमान बुडाले तरी ते मूळ राष्ट्राच्याच मालकीचे राहते, ही भूमिका बहुतेक नौदल-सत्ता मानतात. अमेरिकेने २००४ मध्ये आणि ब्रिटनने १९८६ मध्ये याबाबत स्वतंत्र कायदे केले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, किनारी राष्ट्राचे सार्वभौमत्व असते. तेथे परक्या नौकेला परवानगीवाचून असे काम करता येत नाही. त्यापलीकडे, २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात, किनारी राष्ट्राचा हक्क मुख्यतः मासे, तेल, वायू अशा संपत्तीपुरता असतो. शर्यतीला जागा मिळते ती येथे आणि त्यापुढच्या खुल्या समुद्रात.

कायदा असला तरी पाच हजार मीटर खोल पाण्यात पहारेकरी नसतो. के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी १९६८ मध्ये प्रशांत महासागरात बुडाली. अमेरिकी गुप्तहेर संस्थेने समुद्रतळावरील खनिजे काढण्याचा बहाणा करून 'ग्लोमार एक्सप्लोरर' हे जहाज बांधून घेतले आणि १९७४ मध्ये पाणबुडीचा एक भाग वर आणला. त्यात सापडलेल्या सहा सोव्हिएत नौसैनिकांचे देह सन्मानपूर्वक समुद्रार्पण करण्यात आले. त्या विधीचे चित्रीकरण १९९२ मध्ये रशियाच्या स्वाधीन करण्यात आले.

शोध कसा घेतात?

पाण्यात रेडिओलहरी फार दूर जात नाहीत; ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे पाण्याखालचा सारा शोध ध्वनीवर चालतो. अनेक विमानांच्या नोंदयंत्राला पाण्यात पडताच ३७.५ किलोहर्ट्झचा ठोका देणारे उपकरण जोडलेले असते. जुन्या उपकरणांची बॅटरी ३० दिवस टिके, नव्यांची ९० दिवस टिकते. हा आवाज काही किलोमीटरच्या टप्प्यातच ऐकू येतो. म्हणून विमान रडारवर शेवटचे कोठे दिसले, वारा व प्रवाह कोणत्या दिशेचे होते, तरंगते अवशेष कोठे मिळाले, यावरून आधी क्षेत्र आखावे लागते. मग जहाजामागे ओढलेल्या सोनारने तळाचे ध्वनिचित्र घेतात. संशयास्पद आकार दिसला की कॅमेरा लावलेले दूरनियंत्रित यंत्र खाली सोडतात. साध्या हवेवर काम करणारा पाणबुड्या पन्नास मीटरच्या आसपास थांबतो. त्याखाली वायूंचे खास मिश्रण आणि प्रदीर्घ दाबमुक्तीची सोय लागते.

खारे पाणी धातूला लगेच ग्रासू लागते. पाण्यातून काढलेले नोंदयंत्र हवेत उघडे पडले तर ही झीज अधिकच वेगाने होते. म्हणून ते पाण्यातच बुडवून प्रयोगशाळेत नेण्याची पद्धत आहे.

भारताचा अनुभव

अवशेषांवरून दोन देशांत ताणाताणी झाल्याचा प्रसंग भारतानेही पाहिला आहे. १० ऑगस्ट १९९९ रोजी भारतीय मिग-२१ विमानांनी पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक हे टेहळणी विमान कच्छच्या सीमेवर पाडले. त्यात १६ जण मृत्यू पावले. विमान कोणाच्या हद्दीत होते याचा पुरावा म्हणजे त्याचे अवशेषच. त्यामुळे ते उचलण्यासाठी दोन्ही देश दलदलीत उतरले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना घेऊन गेलेल्या भारतीय हेलिकॉप्टरांच्या दिशेने पाकिस्तानने क्षेपणास्त्र डागले.

समुद्रात मात्र आपली झुंज बहुतेक वेळा परक्या नौकेशी नव्हे, तर खोली आणि वेळेशी झाली आहे. ८ जून २०१५ रोजी तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान तिघा कर्मचाऱ्यांसह तमिळनाडूच्या समुद्रात बेपत्ता झाले. त्याचा ठोका 'सिंधुध्वज' या पाणबुडीने टिपला. पण सुमारे ९५० मीटर खोलीवरून नोंदयंत्र काढण्यासाठी 'ऑलिम्पिक कॅन्यन' हे एका खासगी तेल-वायू कंपनीच्या सेवेतील जहाज बोलवावे लागले. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळील तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाला ३,४०० मीटर खोलीवर आढळल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. साडेसात वर्षे त्या २९ कुटुंबांपाशी उत्तर नव्हते.

उथळ पाणीही सोपे नसते. २६ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रमादित्य नौकेवरून उडालेले मिग-२९के जातीचे प्रशिक्षण विमान गोव्याच्या समुद्रात कोसळले. एक वैमानिक वाचला. कमांडर निशांत सिंह यांच्या शोधासाठी नौदलाने नऊ युद्धनौका आणि चौदा विमाने लावली. तरी त्यांचा देह अकरा दिवसांनी, ७ डिसेंबर रोजी, किनाऱ्यापासून ३० मैलांवर ७० मीटर खोलीवर सापडला. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरसमोर कोसळलेल्या तटरक्षक हेलिकॉप्टरच्या एका वैमानिकाचा देह तर महिन्याहून अधिक काळाने मिळाला. याउलट ८ मार्च २०२३ रोजी मुंबईजवळ नौदलाचे ध्रुव हेलिकॉप्टर शक्ती गमावून पाण्यात उतरले, तेव्हा तिघेही कर्मचारी वाचले आणि हेलिकॉप्टरही बाहेर काढता आले.

क्षमता वाढते आहे, हेही नमूद केले पाहिजे. १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झालेली 'निस्तार' ही नौका ३०० मीटरपर्यंत पाणबुडे आणि १,००० मीटरपर्यंत दूरनियंत्रित यंत्रे उतरवू शकते. २०१५ मध्ये भाड्याचे जहाज ज्या खोलीपर्यंत गेले, ती आता नौदलाच्या आवाक्यात आली आहे. एएन-३२ ज्या खोलीवर आहे, तेथून अवशेष उचलणे ही पुढची पायरी.

वसईसमोरचा समुद्र

पश्चिम किनाऱ्याचे चित्र वेगळे आहे. मुंबई ते खंभात या पट्ट्यात समुद्राखालची उथळ भूमी फार दूरवर पसरली आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील बॉम्बे हाय तेलक्षेत्रातही पाणी पाऊणशे मीटरच्या आसपासच आहे. म्हणजे येथे काही कोसळले तर ते खोलीमुळे हरवणार नाही. हरवेल ते गाळामुळे. उल्हास आणि वैतरणा या नद्या आणतात तो चिखल, दिवसातून दोनदा भरती-ओहोटीचा ओढा आणि पाण्याचा गढूळपणा यांमुळे कॅमेरा निरुपयोगी ठरतो आणि अवशेष रुतत वा सरकत जातात.

१३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेले हेलिकॉप्टर सात जणांसह समुद्रात कोसळले. ते लष्करी नव्हते. पण त्याचे अवशेष डहाणूसमोर मिळाले आणि शोधाची सारी कसोटी याच पाण्यात लागली.

या पाण्याचा तळ सर्वांत चांगला ठाऊक असतो तो मच्छीमाराला. वसईकडची डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना, म्हणजे कवींना, बांधून ओढ्याच्या तोंडाशी लावतात. तळाशी पडलेला एखादा सांगाडा जाळे फाडतो, म्हणून अशी जागा तांडेल नेमकी लक्षात ठेवतो. आता ती जीपीएसवरही नोंदलेली असते. ज्या माहितीसाठी सोनार लावलेले जहाज दिवस घालवते, ती कित्येकदा एका होडीत आधीच असते. मात्र जून व जुलै या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत, म्हणजे ऐन वादळी दिवसांत, समुद्रावर हे डोळे नसतात.

जाळ्यात विमानाचा तुकडा आला तर काय करावे, हे प्रत्येक बंदरावर ठाऊक असायला हवे. वैमानिकाच्या आसनाखाली त्याला बाहेर फेकणारी स्फोटक नळकांडी असतात आणि ती न फुटलेलीही असू शकतात. क्षेपणास्त्राचा भाग किंवा फाटलेला कार्बन-तंतूचा पत्राही घातक ठरू शकतो. म्हणून तुकडा उघडू नये, घासून धुऊ नये, भंगारात तर मुळीच देऊ नये. जागेचे अक्षांश-रेखांश व वेळ टिपून तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर कळवावे. सापडलेल्या अवशेषांची माहिती सरकारी अधिकाऱ्यास देणे हे आपल्या नौवहन कायद्याचे जुने तत्त्वही आहे.

मोठी राष्ट्रे या शर्यतीत गुपितासाठी उतरतात. आपल्या अनुभवात मात्र तळाशी गेलेल्या विमानात गुपिताइतक्याच मोलाच्या आणखी दोन गोष्टी असतात : अपघात का झाला याचे उत्तर आणि घरी न परतलेला माणूस. पहिल्या उत्तरावर त्याच जातीच्या विमानातून उद्या उडणाऱ्याचा जीव अवलंबून असतो आणि दुसऱ्याची वाट एखाद्या घरात रोज पाहिली जाते. तिथे लवकर पोहोचायचे तर अत्याधुनिक नौका हव्यातच. पण किनाऱ्यावरून वेळेत आलेला एक दूरध्वनीही तितकाच हवा.