सुजाता : नावातली 'जात' आणि आपला नवा जन्म

एकही सुजाता नाही अशी बौद्ध वस्ती महाराष्ट्रात शोधावी लागेल. कुणाची आत्या सुजाता, कुणाची मावशी सुजाता, कुठे अंगणवाडीतल्या सुजाताताई, तर कुठे महिला मंडळाच्या सुजाताताई. नावाचा अर्थ विचारला की उत्तर ठरलेले असते : "बुद्धांना खीर देणारी ती सुजाता." उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. खिरीची गोष्ट सांगण्याच्या नादात शब्दाचा अर्थ सांगायचा राहून जातो. आपल्या आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी हे नाव निवडून जातिव्यवस्थेला काय उत्तर दिले, तेही राहून जाते.

शब्द साधा आहे. 'सु' म्हणजे चांगले आणि 'जाता' म्हणजे जन्मलेली. सुजाता म्हणजे जिचा जन्म चांगला, ती. जुन्या संस्कृतात 'सुजात' हा शब्द कुलीन, चांगल्या घराण्यात जन्मलेल्या माणसासाठी वापरत. तो 'जन्' या धातूपासून आला. त्याच धातूपासून 'जाति' आणि आपल्या मराठीतली 'जात'ही आली. म्हणजे या नावाच्या पोटातच जात बसलेली आहे. मग ज्यांचा जन्मच हीन ठरवला गेला होता, त्यांनी आपल्या लेकीचे नाव 'चांगल्या जन्माची' असे कोणत्या अधिकाराने ठेवले?

नाव ठेवण्याचाही कायदा होता

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक. बाळ पाळण्यात असतानाच त्याची पायरी नावात कोरून ठेवायची, असा हा बंदोबस्त. अस्पृश्य तर या चार पायऱ्यांच्याही बाहेर. आता आपल्या पणजीच्या पिढीतली नावे आठवा : धोंडाबाई, दगडाबाई, केराबाई.

इथे कुणी म्हणेल, "अहो, धोंडो हे नाव ब्राह्मणांतही होते. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे ठेवत." खरे आहे. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव कर्वे असेच होते. पण नाव एक असले तरी हाक एक नव्हती. एका घरातला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होई. दुसऱ्या घरातला धोंडू म्हातारा झाला तरी गावासाठी धोंड्याच राही. अपमान नावात नसला तर तो हाकेत भरला जाई.

बाईच्या वाट्याला तर दुहेरी मार. जात खालची आणि त्यात मुलगी. 'नकोशी' हे नाव काही पुराणातले नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकोशी, नकुसा अशी नावे असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावे द्यावी लागली. एकविसाव्या शतकातली ही गोष्ट आहे. नकोशी म्हणजे जिचा जन्म नको होता ती, आणि सुजाता म्हणजे जिचा जन्म चांगला झाला ती. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली की सुजाता हे नाव जात आणि पुरुषसत्ता या दोघींनाही कसे उत्तर देते, ते कळते.

कोसल देशाचा राजा प्रसेनजित याला मल्लिका राणीपासून मुलगी झाली, तेव्हा तो खट्टू झाला. मुलगी मुलापेक्षाही सरस ठरू शकते, असे तथागतांनी त्याला सांगितले. बाबासाहेबांनी १९५१ च्या हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरील लेखात हा प्रसंग मुद्दाम मांडला आहे.

उरुवेलेची सुजाता आणि तिची पुण्णा

आता खिरीच्या गोष्टीकडे येऊ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती दिली आहे. उरुवेला येथे सेनानी नावाचा गृहस्थ राहत होता. सुजाता त्याची मुलगी. मुलगा व्हावा म्हणून तिने वडाच्या झाडाला नवस केला होता. नवस फेडण्यासाठी जागा तयार करायला तिने पुण्णा या दासीला पाठवले. पुण्णाला झाडाखाली गौतम बसलेले दिसले आणि तिला वाटले की वृक्षदेवताच प्रकट झाली. मग सुजाता आली आणि तिने ते अन्न गौतमांना दिले.

टीकाकार विचारतात, "नवस करणारी, तोही मुलासाठी, ती तुमची आदर्श कशी?" प्रश्न रास्त आहे. सुजाता क्रांतिकारक होती असे कुणी म्हणत नाही. ती सुखवस्तू घरातली, तिच्या काळाच्या समजुतीत वाढलेली बाई होती. गोष्टीचे मोल तिच्या नवसात नाही. सिद्धार्थांनी अन्न स्वीकारले आणि देह झिजवून सत्य सापडते ही समजूत तिथेच सोडून दिली, यात ते मोल आहे. सोबतचे पाच परिव्राजक रागावून निघून गेले, तरी सिद्धार्थ मागे फिरले नाहीत. उपाशी माणसाला मुक्ती मिळत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवलेल्या समाजाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बोधगयेजवळ नदीपलीकडे बकरौर गावात आजही सुजातेच्या नावाचा विटांचा भव्य स्तूप उभा आहे. एका गृहिणीच्या वाडगाभर अन्नाची अशी आठवण धम्माने ठेवली.

मात्र गौतमांना आधी पाहणाऱ्या पुण्णेला आपण विसरलो. पाली साहित्यात याच नावाची आणखी एक दासी आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरे. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, मासे, कासवे सगळीच स्वर्गात जातील की काय? हा युक्तिवाद थेरीगाथेत आहे. पाणी भरणाऱ्या दासीने केलेली ही चिकित्सा आपल्या मुलींना माहीत असायला हवी.

चांगला जन्म म्हणजे काय?

खरा मुद्दा इथे आहे. अंगुलिमालाची कथा सर्वांना ठाऊक असते, पण तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. भिक्खू झाल्यावर त्याला प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणारी एक स्त्री दिसली. तथागतांनी त्याला तिच्यासाठी एक सत्यवचन उच्चारायला सांगितले : जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतलेला नाही. अंगुलिमाल म्हणाला, हे तर खोटे होईल. तेव्हा तथागतांनी वाक्य दुरुस्त केले : आर्य जन्म झाल्यापासून, म्हणजे धम्मात आल्यापासून. आईच्या पोटातून होतो तो एक जन्म, आणि विचार व आचरण बदलल्यावर होतो तो दुसरा. श्रेष्ठ जन्म कोणता, हे बुद्धांनी असे उलटून टाकले. त्यावर ब्राह्मणाचा हक्क राहिला नाही आणि राजाचाही नाही.

आता १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवा. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकविसावी प्रतिज्ञा आपला नवा जन्म होत आहे असे मानण्याची आहे. त्या दिवशी लाखो माणसे नव्याने जन्मली. त्यानंतर पाळण्यात आलेल्या लेकीला सुजाता म्हणणे, याचा अर्थ एकविसावी प्रतिज्ञा एका शब्दात उच्चारणे. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. अधिकार कुणाकडून मागून आणला नव्हता, तो दीक्षेतून आला होता. बाळासाहेब आंबेडकरांच्या मुलाचे नाव सुजात आहे, तेही याच अर्थाच्या उजेडात वाचावे.

"पण हे नाव तर सवर्णांतही आहे," असा आक्षेप येतोच. आहे ना. महाभारतात अष्टावक्राच्या आईचे नावही सुजाताच आहे. शब्दावर कुणाचा सातबारा नसतो. प्रश्न अर्थाचा आहे. धम्मदीक्षेनंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, बिमल रॉय यांचा 'सुजाता' चित्रपट आला. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी नूतनने साकारली. घरातली आई तिची ओळख 'मुलीसारखी' अशी करून देते. 'मुलगी' म्हणवून घेण्यासाठी सुजाताला त्या आईला स्वतःचे रक्त द्यावे लागते. दिग्दर्शकाचा हेतू चांगला होता, पण त्या सुजाताचा जन्म चांगला ठरवायला सवर्ण घराची मान्यता लागते. वस्तीतल्या सुजाताला कुणाच्या मान्यतेची गरज नव्हती. आमच्या आयांनी नाव ठेवले, हाक मारली, संपला विषय.

आपल्या मावळ-मुळशीच्या मातीत

हा वारसा दूर बिहारातच आहे असे नाही. मुळशीला लागून असलेल्या मावळात भाजे आणि बेडसे लेणी आहेत. भाजे येथे बाधा नावाच्या बाईचे दान कोरले आहे, ती हालिकाची म्हणजे नांगरधाऱ्याची बायको. बेडसे येथे सामडिनिका या महारठिनीचे दान कोरले आहे. एक शेतात राबणाऱ्याच्या घरातली आणि एक सत्ताधाऱ्याच्या घरातली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दोघींनाही स्वतःच्या नावाने दगडावर जागा मिळाली. सूसजवळून जाणाऱ्या बाह्यवळण मार्गाने देहूरोडला गेले की बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली ते विहार लागते. २५ डिसेंबर ही १९२७ च्या मनुस्मृती दहनाचीही तारीख. नामकरणाचा जुना कायदा जाळला त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांनी, इथे नव्या जन्माची तयारी झाली.

आज सूस पुणे महानगरपालिकेत आहे. डोंगरउताराला टॉवर उभे राहिलेत. शहरात भाड्याचे घर बघायला गेले की आधी आडनाव विचारले जाते. म्हणून आपलीही तरुण जोडपी मुलांसाठी अशी नावे शोधतात, ज्यांतून काहीच कळू नये. नाव काय ठेवायचे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि सगळ्या मुली सुजाताच असाव्यात असा माझा आग्रह नाही. गौतमी, विशाखा, पुण्णा, मुक्ता, रमा, सावित्री, नावांना तोटा नाही. माझे म्हणणे एवढेच की नाव भीतीपोटी निवडू नका. जे ठेवाल, त्याचा अर्थ मुलीला समजावून सांगा.

आणि घरात सुजाता नावाची आत्या असेल, तर पुढच्या वेळी तिला खिरीची गोष्ट सांगायला लावू नका. तिच्या नावाचा अर्थ तुम्हीच तिला सांगा : आत्या, तुझा जन्म चांगला आहे, आणि हे ठरवण्याचा हक्क बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिला.

जय भीम! नमो बुद्धाय!

सूस, ता. मुळशी, जि. पुणे