मुरगळलेला घोटा आणि डगमगती फळी

तर झालं असं, की माझी भाची खो-खो खेळते. वय वर्षं १५. वर्षभरात तिसऱ्यांदा डावा घोटा मुरगळला. एक्स-रे साफ, सूज उतरलेली, तरी म्हणते, "मामा, वळताना पाय एकदम दगा देतो रे." आजीचा हळदीचा लेप झाला, क्रेप बँडेज झालं, आणि ताईने 'आता खेळ बंद' जाहीर केलं. पोरगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

शेवटी फिजिओकडे गेलो. त्यांनी तिला एका पायावर उभं केलं आणि म्हणाल्या, "आता डोळे मीट." तीन सेकंदांत तोल गेला! मग त्यांनी एक लाकडी डगमगती फळी पुढे सरकवली. घरी आल्यावर मी (सवयच वाईट) त्या फळीचा इतिहास खणायला बसलो.

'पाय दगा देतो' ही तक्रार १९६५ मध्ये मायकेल फ्रीमन या ब्रिटिश सर्जनने गांभीर्याने घेतली. तिला त्याने 'फंक्शनल इनस्टॅबिलिटी' असं नाव दिलं. त्याचं म्हणणं असं, की लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्यात संवेदना पोचवणारे तंतू असतात, घोटा मुरगळताना तेही तुटतात आणि मेंदूला पायाची खबर नीट मिळत नाही. आपल्या भाषेत, सेन्सर गेला! उपाय म्हणून त्याने रुग्णांना डगमगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं, आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. पुढे १९८५ मध्ये स्वीडनच्या फुटबॉलपटूंवर हाच प्रयोग झाला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ७६५ शाळकरी खेळाडूंवर झाला. तिथे तोलाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये घोटा मुरगळण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी निघालं.

पण खरी गंमत १९९३ सालची. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी धडधाकट लोकांच्या घोट्याची लिगामेंट्स भूल देऊन बधिर केली. तरीही स्वतः पाय हलवताना त्यांना तो कुठे आहे ते व्यवस्थित कळत होतं. सेन्सर बंद, सिस्टिम चालू! म्हणजे स्नायू आणि मेंदू मिळून बरंच काही सांभाळतात. फ्रीमनचं कारण अपुरं होतं, त्याची फळी मात्र टिकली. (रूट कॉज चुकलेला, पण फिक्स चाललेला. ऑफिसात पाहिलंय ना?)

आता व्हर्च्युअल रिॲलिटी. २००७ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'वी फिट' हा गेम आला. त्याच्या पाटात वजन मोजणारे चार सेन्सर होते. २०१० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी तो पाट प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राशी ताडून पाहिला, आणि आकडे चांगले जुळले! मग हेडसेट आले. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं, की असा घोटा असलेली माणसं एका पायावर उभं राहताना डोळ्यांवर जास्त विसंबतात. हेडसेटची खुबी इथेच आहे. जमीन स्थिर ठेवून दृश्य तिरकं करता येतं, म्हणजे डोळ्यांची कुबडी काढून घेता येते. शिवाय पोरांना कंटाळा येत नाही. पण अभ्यास बरेचसे छोटे आहेत. हेडसेट लावून पडलात तर? शेजारी माणूस हवाच. माझं मत विचाराल तर आधी फळी.

भाची सध्या दात घासताना एका पायावर उभी असते. काल डोळे मिटून ११ सेकंद! ताईने निदान सरावाला जायची परवानगी दिलीय. मी स्वतः करून पाहिलं, पण तो आकडा इथे लिहिणार नाही.