विक्रमशीला : विटा आणि पूर्वपक्ष

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. पुरातत्त्वाच्या विषयात आम्ही का शिरावं? कारण एक जुनी अडचण आहे. न्यायदर्शन शिकताना उदयनाचा ‘आत्मतत्त्वविवेक’ वाचावाच लागतो. त्यात तो बौद्धांच्या क्षणभंगवादावर तुटून पडतो, आणि ज्यांना खोडून काढतो त्यांत मुख्य आहे ज्ञानश्रीमित्र. पण ज्ञानश्रीचं स्वतःचं म्हणणं काय होतं? त्याचे मूळ ग्रंथ भारतात उरलेच नव्हते. खटल्यात एकाच वकिलाचं भाषण ऐकून निकाल द्यावा, तसं चाललं होतं.

हा ज्ञानश्री विक्रमशीलेचा. आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा नवव्याच्या आरंभी पालराजा धर्मपालाने स्थापन केलेला हा महाविहार. बिहारमध्ये भागलपूर जिल्ह्यात, गंगेजवळच्या अंतीचक गावी त्याचे अवशेष आहेत. पाटणा विद्यापीठाने १९६० ते १९६९ आणि नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९७२ ते १९८२ या काळात तिथे उत्खनन केलं. प्रत्येक बाजू सुमारे ३३० मीटर असलेला चौरस, कडेने २०८ खोल्या, म्हणजे एकेका बाजूला ५२. काही खोल्यांखाली कमानीची तळघरं निघाली. ध्यानासाठी असावीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आपण सगळे याला सरसकट ‘विद्यापीठ’ म्हणतो. म्हणावं, हरकत नाही. पण चौकाच्या मध्यभागी काय आहे? व्याख्यानगृह नाही, स्तूप आहे. क्रुसाच्या आकाराचा, चार दिशांना चार गाभारे असलेला. त्यांपैकी तिघांत बुद्धाच्या भव्य बैठ्या मूर्ती जागेवरच सापडल्या. भिंतींवरच्या मृण्मय फलकांवर बुद्ध आहेत, तसे विष्णू आणि हनुमानही आहेत, शिकारी आहेत, पक्षी आहेत. इथले पंडित सकाळी तर्क करत आणि संध्याकाळी मंडल मांडत, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. रत्नाकरशांतीने तर्कावर लिहिलं आणि तंत्रावरही. आपण मात्र त्याचे दोन तुकडे करून दोन वेगळ्या विभागांत शिकवतो!

तिबेटी परंपरा विक्रमशीलेच्या सहा द्वारपंडितांची नावं सांगते. ज्ञानश्री त्यांत येतो. उत्खननात मात्र भव्य महाद्वार मिळालं ते उत्तरेच्या बाजूला. मग परंपरा खोटी का? आम्हाला तसं वाटत नाही. ‘द्वारपंडित’ ही पदवी असू शकते. प्रत्येक पंडितामागे विटांची चौकट शोधायलाच हवी, असं नाही.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला विहार उद्ध्वस्त झाला. ग्रंथ वाचले ते तिबेटमध्ये. राहुल सांकृत्यायनांना तिथल्या मठांत ज्ञानश्री आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती यांच्या संस्कृत पोथ्या मिळाल्या. अनंतलाल ठाकूर यांनी त्या संपादित केल्या. रत्नकीर्तीचे निबंध १९५७ साली छापून आले, ज्ञानश्रीचे १९५९ साली, दोन्ही पाटण्याहून. त्याच पाटण्याच्या विद्यापीठाने पुढच्याच वर्षी अंतीचकला कुदळ मारली. म्हणजे पूर्वपक्ष आधी परत आला आणि त्याचं घर नंतर सापडलं.