वेशीचा अडसर

रात्रीचा दुसरा प्रहर. कृष्णपक्ष आहे, चंद्र उगवायला अजून अवकाश आहे. तुमच्या हाताखाली सागाचा अडसर आहे, मांडीएवढा जाड, पावसाळाभर ओल पिऊन जड झालेला. त्याच्या मधोमध एक खोलगट गुळगुळीत जागा आहे. तुमच्या बापाचा हातही रोज तिथेच पडायचा.

गाव साखरखेर्डा. उद्या 11 ऑक्टोबर 1724. या शिवारात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्या फौजा भिडणार आहेत. तुम्ही या गावचे वेसकर. दिल्लीच्या बादशहाने दख्खनची सुभेदारी कोणाकडून काढून कोणाला दिली, हे तुमच्यापर्यंत आलेलं नाही. तुम्हांला एवढंच कळतंय, की ज्वारीत घोडी खिंकाळताहेत आणि ती आपल्या गावची नाहीत.

मागून पाटील म्हणतात, "घाल अडसर."

गाव कुसाच्या आत आलंय. तुमचा महारवाडा कुसाबाहेर. बायको आणि दोन लेकरं तिथेच आहेत.

"तुम्ही गावाचा विचार करता आणि जड मनाने दरवाजा लावता."

इथे थांबा. लाल पेन्सिल उचला आणि हे वाक्य खोडा.

आता तुम्ही पुन्हा आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, टेबलापाशी आहात. पुढ्यात तुमच्याच खेळाचा कच्चा खर्डा, बाजूला फासे. अशा खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राचं बोलतात, करतात. जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासा पडतो. खेळणाऱ्याच्या हाती एकच गोष्ट असते, आपलं पात्र काय करतं ते ठरवणं. त्या एका वाक्याने तुम्ही तीच काढून घेतली होतीत. "जड मनाने" हे तर त्याहून वाईट. वेसकराच्या मनात काय आहे, ते खेळणाऱ्यालाच ठरवू द्या.

पेन्सिल हातात आहे तोवर पुढचीही पानं बघा. घोडेस्वार सोयाबीनच्या शेतात शिरतात? आज चिखलीपासून मेहकरपर्यंत सोयाबीन दिसतं म्हणून ते हातून लिहिलं गेलं. सोयाबीन इथे आलं विसाव्या शतकात. 1724 साली उभी होती ती ज्वारी. स्वार "अर्ध्या किलोमीटरवर" आहेत? ते हाकेच्या अंतरावर आहेत. पाटलांनी चहा मागितलाय, तोही काढा. ही कामं किरकोळ वाटतात, पण अशी एक चूक दिसली की खेळणारा वेशीवरून उठून परत खुर्चीत येतो.

आता थोडं लांब चला. साल 1969, अमेरिकेतल्या मिनेसोटाची जुळी शहरं, मिनियापोलिस आणि सेंट पॉल. डेव्ह वेस्ली नावाचा तरुण नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडून बसलाय. दोन फौजांच्या मध्ये ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव आहे. फौजा चालवायला लागतात त्याहून जास्त माणसं आलीत. मग तो एकाला नगराध्यक्ष करतो, एकाला सावकार, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू. थोड्याच वेळात लढाई बाजूला पडते. जो तो उठून दुसऱ्याच्या कानाशी लागतो, दोघे तर द्वंद्वाला उभे राहतात. खेळ फसला असं वेस्लीला वाटतं. खेळणारे मात्र असाच आणखी एक मागतात. त्यांच्यातला डेव्ह आर्नेसन ही रीत पुढे नेतो आणि 1974 साली गॅरी गायगॅक्सच्या जोडीने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढतो. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

दोन फौजा आणि मध्ये गाव. ब्राउनश्टाइन वेस्लीला कल्पनेतून उभं करावं लागलं. आपल्याला साखरखेर्डा सिंदखेडराजा तालुक्यात आयतं मिळालंय.

म्हणून परत या, 1724 मध्ये. लढाईचा निकाल खेळात बदलू देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. मराठे निजामाच्या बाजूने आहेत. मुबारिझखान रणात पडेल. निजाम गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवेल, हैदराबादची आसफजाही याच विजयातून उभी राहील. एवढं खेळाच्या पुस्तकात पक्कं छापा. वेसकर फासे टाकून मुबारिझखानाला वाचवू लागला, तर तो फार मोठा माणूस होतो आणि त्याची वेस रिकामी पडते. त्याला वेशीवरच राहू द्या. अडसर घालायचा, पाटलांना थोडा दम धरायला सांगायचा, की दरवाजा उघडा टाकून महारवाड्याकडे धावायचं, हे मात्र कुठेही लिहून ठेवू नका.

तो उतारा आता पुन्हा लिहा. अडसर, ओल, गुळगुळीत झालेली जागा. ज्वारीतली घोडी. पाटलांचे दोन शब्द. कुसाबाहेरून धाकट्या लेकराच्या रडण्याचा आवाज. त्यानंतर एकच ओळ: "तुम्ही काय करता?" आणि खाली चार बोटं कोरी जागा.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेली चार पोरं जमवा. खर्डा त्यांच्यातल्याच एकाच्या हाती द्या आणि खेळ त्याला चालवू द्या. तुम्ही भिंतीशी वही घेऊन बसा. ती कुठे अडखळतात, कोणता नियम दोनदा वाचतात, कुठे एकमेकांकडे बघतात, ते लिहून घ्या. मदतीला तोंड उघडू नका. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही नसणार.