तबकडीतला सूर

आता आपण अब्दुल करीम खाँसाहेबांकडे येऊ. तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. मैफलीत सावकाश रंगणारी झिंझोटीतली ठुमरी खाँसाहेबांना तेवढ्यात बसवावी लागली. नुकसान झालंच. पण गदगच्या लहानग्या भीमसेननं तीच तबकडी ऐकली, आणि १९३३ साली अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं. गुरू शोधावाच लागला बरं का. तबकडी वेड लावते, चूक सांगत नाही. ते काम सवाई गंधर्वांनी केलं, आणि ते खाँसाहेबांचेच शिष्य!

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, मागे ध्वनिमुद्रण नाही. इथं पिंपळगाव राजात बसून आज आपण मोबाइलवर खाँसाहेब ऐकतो, खरखरीसकट. बुवांचं गाणं मात्र शिष्यांच्या गळ्यातूनच ताडायचं.